रोम, एक दिवस, एकट्यानं : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतले रोमविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेकांच्या हाती एकच दिवस आहे आणि सोबतीला कोणी नाही. उत्तरंही तेवढ्याच बेताची दिली आहेत.

प्रश्न : सकाळी साडेसातला टर्मिनी स्टेशनवर उतरेन आणि रात्री नऊच्या सुमाराला फ्लॉरेन्सची गाडी पकडेन. कोलोसियम आणि व्हॅटिकनची संग्रहालयं, दोन्ही एका दिवसात बसतील का?

बसतील, पण बसवू नका. दोन्ही ठिकाणी ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. कोलोसियम, फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि त्याला लागूनची पॅलाटाइन टेकडी मिळून साडेतीन तास जातात, व्हॅटिकनच्या संग्रहालयांना किमान तीन. दोहोंच्या मध्ये अख्खं शहर आडवं पडलेलं. पहिल्या ठिकाणी तपासणीच्या रांगेत अर्धा तास गेला की दुसऱ्या तिकिटाची वेळ डोळ्यांपुढे नाचायला लागते, आणि मग पॅन्थिऑनमध्येही, म्हणजे रोमन काळातल्या, आता चर्च झालेल्या घुमटाच्या देवळातही, माणूस घड्याळच बघत राहतो. एका दिवसात अशा पक्क्या वेळेचं मोठं तिकीट एकच ठेवा. उरलेलं रोम चौकांत, कारंज्यांत आणि चर्चमध्ये आहे, आणि त्यातलं बहुतेक फुकट आहे.

कोलोसियम धरलं तर दिवस असा लावता येतो. टर्मिनीच्या क्लोकरूममध्ये मोठी बॅग टाका. मेट्रोची बी लाइन, लॉरेन्तिनाच्या दिशेची, पहिलंच स्टेशन काव्हूर. तिथून पायऱ्या चढून पाच मिनिटांवर सान पिएत्रो इन विन्कोली हे चर्च आहे. ते सकाळी आठच्या सुमाराला उघडतं आणि त्या वेळी आत जेमतेम दहा-बारा माणसं असतात. मायकेलअँजेलोनं घडवलेला मोझेस, बायबलातला प्रेषित, इथे बसलाय. त्याच्या डोक्यावरची दोन शिंगं पाहून गोंधळू नका. बायबलाच्या मूळ हिब्रूतल्या ‘तेज फाकलेला’ अशा अर्थाच्या शब्दाचं लॅटिनमध्ये ‘शिंगं असलेला’ असं भाषांतर झालं, आणि शिल्पकारानं मजकुराशी इमान राखलं.

तिथून उतारावर दहा मिनिटांत कोलोसियम. तिकीट नऊ-सव्वानऊचं घ्या. आत सव्वा तास पुरतो. बाहेर पडल्यावर उत्तरेकडच्या, म्हणजे शाबूत राहिलेल्या उंच भिंतीच्या बाजूनं एकदा चाला आणि तळमजल्याच्या कमानींवर नजर टाका. कमानींवर रोमन आकडे कोरलेत. इसवी सन 80 मध्ये हे रंगमंडल सुरू झालं तेव्हा 80 कमानींपैकी 76 प्रेक्षकांसाठी क्रमांकित होत्या. प्रेक्षकाच्या हातातल्या खुणेवर जो आकडा, त्याच कमानीतून त्यानं शिरायचं. आज 23 ते 54 एवढेच आकडे शिल्लक आहेत. आतल्या गर्दीपेक्षा ही पाच मिनिटं जास्त लक्षात राहतात.

मग टायटसच्या कमानीजवळच्या दारानं फोरम-पॅलाटाइनमध्ये शिरा. आधी डावीकडची पॅलाटाइन टेकडी चढून घ्या, नंतर फोरमात उतरा. उलटं केलंत तर अकराच्या उन्हात चढ लागतो. वरच्या सज्जावरून अख्खं फोरम एका नजरेत येतं, त्यामुळे खाली उतरल्यावर कुठलं खांबांचं त्रिकूट कुठल्या देवळाचं, ते उमगतं. तिकिटावर इथे एकदाच प्रवेश आहे. बाहेर पडलात की पुन्हा शिरता येत नाही, म्हणून आत असतानाच पाणी, स्वच्छतागृह, बसणं सगळं उरकून घ्या.

साडेबाराच्या आसपास कॅम्पिदोल्यो चौकात या. त्याच्या मागच्या कोपऱ्यावरून फोरमचा जो देखावा दिसतो, त्याला तिकीट नाही. ज्यांना कोलोसियमचं तिकीट मिळालेलं नाही त्यांनी निदान ही जागा चुकवू नये. जेवण इथून पॅन्थिऑनच्या वाटेवर, पण ऐन चौकात नको. एक-दोन गल्ल्या आत शिरा.

दुपारी दोननंतर पॅन्थिऑन, मग सान लुईजी देई फ्रांचेसी हे चर्च, मग नावोना चौक. तिन्हींमधलं अंतर पाच-पाच मिनिटांचं. चारला उठून त्रेवी कारंजं, पाच-साडेपाचला स्पॅनिश स्टेप्स. खालीच स्पान्या हे मेट्रो स्टेशन, ए लाइन, अनान्यिनाच्या दिशेनं तिसरं स्टेशन टर्मिनी. साडेसहापर्यंत परत आलात तरी जेवणाला आणि बॅग सोडवायला निवांत वेळ उरतो.

प्रश्न : कोलोसियमचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावर संपलेलं दिसतं, पण दुसरीकडे दुप्पट-तिप्पट दरानं मिळतंय. घ्यावं का?

आधी हे पाहा, की तुम्ही किती लवकर पाहताय. साधं तिकीट 18 युरोचं, आणि ते भेटीच्या तारखेच्या 30 दिवस आधी विक्रीला येतं. दोन महिने आधी पाहिलंत तर ‘नाही’ दिसणारच. ते संपलेलं नसतं, अजून सुटलेलंच नसतं. ऐन हंगामात सकाळच्या वेळा लवकर उडतात. एकट्याचा एक फायदा इथे होतो. चार जणांना एका वेळेची चार तिकिटं शोधावी लागतात, तुम्हाला एक सुटी जागा पुरते. दिवसातून दोन-तीनदा संकेतस्थळ उघडून पाहत राहा.

तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका, घरच्या हाकेचं किंवा लग्नाआधीचं नको. दुसऱ्याच्या नावावरचं तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलंत तर ते दारावर अडकतं.

जास्त दराच्या तिकिटात बहुतेकदा वाटाड्याबरोबरची फेरी धरलेली असते. तशी फेरी हवी असेल तर जरूर घ्या, फक्त ‘रांग चुकवा’ या शब्दांना भुलू नका. चुकते ती तिकीट घेण्याची रांग. सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना सारखीच. स्टेशनाबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवून ‘आज बंद आहे, माझ्याबरोबर चला’ सांगणाऱ्यांकडे वळूनही पाहू नये.

काहीच मिळालं नाही तर फोरम-पॅलाटाइनचं वेगळं तिकीट मिळतं, त्यात कोलोसियम नसतं. कोलोसियम मग बाहेरून पाहा. मेट्रोच्या दाराच्या वरच्या अंगाला, व्हिया निकोला साल्व्हीवर कठडा आहे. तिथून पूर्ण दर्शनी भाग समोर येतो आणि डोकी मध्ये येत नाहीत.

प्रश्न : बस आणि मेट्रोचं तिकीट कसं काढायचं? दिवसाचा पास घ्यावा का?

साधं तिकीट दीड युरोचं, पहिल्यांदा वापरल्यापासून 100 मिनिटं चालतं. त्या वेळात बस आणि ट्राम कितीही बदला, पण मेट्रोत एकदाच शिरता येतं. ए आणि बी लाइन आतल्या आत बदलली तर ते एकच मोजतात. बाहेर पडून परत शिरलात तर दुसरं तिकीट.

बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड मेट्रोच्या फाटकावर किंवा बसमधल्या यंत्रावर टेकवलं तरी चालतं, आणि एकट्याला तेच सोपं. चूक होते ती अशी : सकाळी मेट्रोत प्लास्टिकचं कार्ड टेकवलं, अर्ध्या तासानं बसमध्ये त्याच खात्याचा फोन टेकवला. खातं एक असलं तरी यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी कार्डं. दुसरा दीड युरो जातो. जे पहिल्यांदा वापराल तेच दिवसभर वापरा.

कागदी तिकीट काढलंत तर बसमध्ये चढताच यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यायची. कोरं तिकीट खिशात असणं म्हणजे तपासनिसाच्या दृष्टीनं विनातिकीटच. दिवसाचा पास पाच-सहा वेळा चढउतार होणार असेल तरच परवडतो. वरच्या बेतात मेट्रो फक्त दोनदा लागते, तेव्हा पासाची गरज नाही.

प्रश्न : एकटी असल्यानं सामानावर लक्ष ठेवायला कोणी नाही. पाकीटमारीबद्दल फार ऐकलंय. नेमकं कुठे सांभाळायचं?

टर्मिनीपासून स्पान्यापर्यंतची ए लाइन, टर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी 64 नंबरची बस, त्रेवीची गर्दी आणि कोलोसियमबाहेरचं मेट्रोचं दार. मारहाण करून लुटण्याचे प्रकार इथे क्वचित, खिसे मात्र सफाईनं रिकामे होतात.

सगळा खेळ दाराशी चालतो. गाडी आली की पुढचा माणूस दारातच अडखळल्यासारखा थांबतो, मागचा ढकलतो, शेजारी कोणाच्या तरी हातावर जाकीट किंवा उघडा नकाशा असतो. त्याच्याखालच्या हाताकडे तुमचं लक्ष नसतं. दार लागायच्या क्षणी ते खाली उतरतात आणि तुम्ही गाडीत राहता. त्यामुळे दार बंद होण्याची शिटी ऐकू आली की हात चेनवर. भरलेला डबा जाऊ द्या, पुढची गाडी काही मिनिटांत येते.

पाठीवरची पिशवी गर्दीत पोटावर घ्या. चेनच्या दोन कड्या एका सेफ्टी पिनेनं जोडा. ती कोणालाही काढता येते, पण दोन सेकंदांत नाही, आणि त्याच दोन सेकंदांवर सगळं ठरतं. कॅफेत बसताना पिशवी खुर्चीच्या पाठीला लटकवू नका. मांडीवर ठेवा, किंवा खाली ठेवून पट्ट्यात पाय घाला. फोन टेबलावर नको. सह्या गोळा करणारे येऊन फोनवरच कागदाचा फळा ठेवतात आणि जाताना दोन्ही उचलून नेतात.

पासपोर्ट तिकिटासाठी जवळ ठेवावा लागतो, म्हणून तो कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात. दोन कार्डं असतील तर एक त्याच पट्ट्यात आणि दुसरं दिवसाच्या खर्चापुरत्या नोटांबरोबर. सगळं एका पाकिटात ठेवणं ही एकट्या प्रवाशाची खरी चूक, कारण उसने द्यायला शेजारी कोणी नसतं.

गेलंच काही तर आधी कार्ड बंद करा, मग पोलीस किंवा काराबिनिएरी या दुसऱ्या पोलीस दलाच्या ठाण्यात जाऊन ‘देनून्च्या’, म्हणजे तक्रार नोंदवा आणि तिची प्रत मागून घ्या. दूतावास आणि विमा कंपनी, दोघंही तीच मागतात. तातडीचा नंबर 112.

प्रश्न : व्हॅटिकनलाच जायचं ठरवलं तर?

मग कोलोसियम बाहेरून. ए लाइननं ओत्ताव्ह्यानोला उतरा. संग्रहालयांचं तिकीट 20 युरो, ऑनलाइन घेतलं तर आरक्षणाचे 5 वेगळे. रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या दिवशी फुकट असतं, आणि म्हणूनच जाऊ नये. संग्रहालयांतल्या सिस्टीन चॅपेलमध्ये, म्हणजे मायकेलअँजेलोनं छत रंगवलेल्या प्रार्थनागृहात, फोटो काढू देत नाहीत.

लोक फसतात ते एका दाराशी. सिस्टीन चॅपेलमधून थेट सेंट पीटर्स या व्हॅटिकनच्या मुख्य चर्चकडे उतरणारी वाट आहे, पण ती प्रामुख्यानं वाटाड्यांबरोबरच्या गटांसाठी. तुम्हाला सोडतीलच असं धरून चालू नका. संग्रहालयाच्या क्लोकरूममध्ये पिशवी ठेवली असेल तर ती घ्यायला तशीही मागे प्रवेशदाराशी यावं लागतं. तिथून तटबंदीला वळसा घालून चौकापर्यंत पंधरा मिनिटं चालणं, आणि मग चर्चसाठी नवी तपासणी रांग.

सेंट पीटर्समध्ये प्रवेश फुकट. घुमटावर जायला तिकीट आहे : सगळ्या मिळून 551 पायऱ्या, लिफ्ट घेतलीत तरी 320 उरतात. वरच्या टप्प्यात जिना घुमटाच्या दोन कवचांमधून जातो, भिंत एका बाजूला कलते आणि मागे फिरायला जागा नसते. बंद जागेची भीती असेल तर वर जाऊ नका. खाली उजव्या हाताला मायकेलअँजेलोचा पिएता (मृत येशूला मांडीवर घेतलेली मेरी) हा पुतळा आहे, 1972 च्या हल्ल्यानंतर काचेआड. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की चर्च दुपारपर्यंत बंद असतं.

प्रश्न : चर्चमध्ये कपड्यांवरून खरंच परत पाठवतात का? आणि दुपारी गेलो तर बंद मिळतात, ते का?

सेंट पीटर्सला पाठवतात, इतरत्र कमी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. एक पातळ ओढणी पिशवीत असली की काम भागतं.

बहुतेक चर्च साडेबारा-एकला बंद होऊन अडीच ते साडेतीनच्या दरम्यान उघडतात. पॅन्थिऑन त्याला अपवाद, ते दिवसभर चालू असतं. म्हणून वरच्या बेतात दुपारी आधी पॅन्थिऑन आणि मग सान लुईजी असा क्रम ठेवला आहे.

सान लुईजीत डावीकडच्या शेवटच्या चॅपेलमध्ये काराव्हाज्यो या चित्रकाराची, संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, प्रवेश फुकट. आत अंधार असतो. अशा चॅपेलमध्ये नाणं टाकलं की काही मिनिटं दिवा लागतो, तेव्हा सुटी नाणी जवळ ठेवा. डाव्या भिंतीवरच्या चित्रात प्रकाश उजवीकडून येतो. चॅपेलची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे, वेदीच्या वर. चित्रकारानं दिव्याआधीच्या काळातला तो उजेड हिशेबात धरला होता. नाण्याचा दिवा विझला तरी लगेच दुसरं नाणं टाकू नका. अर्धा मिनिट तसंच पाहा.

पॅन्थिऑनला जुलै 2023 पासून 5 युरोचं तिकीट आहे. आतली उंची आणि घुमटाचा व्यास, दोन्ही 43.3 मीटर. माथ्यावरचं भोक उघडंच आहे, पाऊस आत पडतो. फरशीला हलका उंचवटा आहे आणि मधल्या भागात पाणी जायला छोटी छिद्रं. पावसाळी दिवस मिळाला तर त्याला नशीब म्हणा. तेवढा भाग दोरी लावून मोकळा ठेवतात आणि पाण्याची उभी रेघ खाली येताना दिसते.

प्रश्न : शाकाहारी आहे. एकट्यानं हॉटेलात बसायला संकोच वाटतो. काय खावं?

दुपारी उभ्यानं खा. ‘पिझ्झा आल ताल्यो’ची दुकानं सगळीकडे आहेत. लांब तव्यांतला पिझ्झा, कात्रीनं कापून वजनावर विकतात. किती हवा ते हातानं दाखवायचं. विक्रेता सुरी टेकवून विचारतो, तेव्हा ‘मेनो’ म्हटलं की कमी, ‘पिऊ’ म्हटलं की जास्त. बटाट्याचा आणि साधा टोमॅटोचा निर्धास्त घ्या. भोपळ्याच्या फुलांचा मात्र दिसतो तसा नाही, त्यात बहुतेकदा अँकोव्ही मासा असतो. सुप्ली हे तळलेले भाताचे गोळेही तसेच. मूळ पाककृतीत मांसाचा रस्सा आहे.

पास्त्यांत कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा, तिन्हींत डुकराच्या गालाचं मांस. काच्यो ए पेपेत फक्त चीज आणि मिरी, पण पेकोरिनो रोमानो हे चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. ते चालत नसेल तर लसूण-तेल-मिरचीचा पास्ता मागा, ‘आल्यो ओल्यो ए पेपेरोंचिनो’, आणि वर चीज नको म्हणून सांगा. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ एवढं पाठ असावं : मांस नको, मासे नकोत. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे येऊ शकतात.

एकट्यानं बसायचं असेल तर उघडतानाच जा, दुपारी साडेबारा किंवा संध्याकाळी साडेसात. त्या वेळी एकाला टेबल सहज देतात. बिलात ब्रेडचे एक-दोन युरो असतात, तो प्रकार नेहमीचा. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायली तर एक दर, बसून प्यायली तर दुसरा, आणि नावोना चौकात बसलात तर तिसराच. गजबजलेल्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची.

प्रश्न : पाणी आणि स्वच्छतागृह?

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोने’ आहेत, लोखंडी खांबाला वाकडी तोटी, पाणी अखंड वाहतं आणि पिण्याचं आहे. बाटली न्या, पण काचेची नको, कोलोसियमच्या तपासणीत अडवतात. थेट प्यायचं असेल तर तोटीचं खालचं तोंड बोटानं दाबा. वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उसळते. पहिल्या वेळी जोर जास्त होतो आणि चष्मा भिजतो.

स्वच्छतागृहासाठी काउंटरवरची कॉफी हाच सर्वांत सोपा मार्ग.

प्रश्न : नावोना चौकात आणि त्रेवीला मुद्दाम काय पाहायचं? फोटो कोण काढणार?

नावोनाच्या मधल्या कारंज्यात बेर्निनी या शिल्पकारानं 1651 मध्ये चार खंडांच्या चार नद्या बसवल्या. त्यांतली एक गंगा, हातात वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष. नदी नौकानयनाला योग्य म्हणून वल्हं. नाईलचा चेहरा झाकलेला आहे, कारण तिचा उगम तेव्हा माहीत नव्हता. चौकाचा लांबट आकार रोमन सम्राट डोमिशियनच्या धावण्याच्या शर्यतींच्या मैदानाचा आहे. घरं त्याच्या प्रेक्षकांच्या बाकांवर उभी राहिली.

त्रेवी दुपारी म्हणजे गर्दीच. फोटोसाठीच जायचं असेल तर सकाळी सातच्या आत. स्पॅनिश स्टेप्सवर टेकू नका. 2019 पासून तिथे बसायला बंदी आहे आणि दंड 250 युरोपासून सुरू होतो. फोटोसाठी अशाला फोन द्या, ज्याच्याबरोबर लहान मूल किंवा म्हातारी माणसं आहेत. ग्लॅडिएटरच्या वेशातल्याबरोबर फोटो काढलात की पैसे मागणारच.

प्रश्न : रात्री टर्मिनीवर एकट्या बाईनं काय जपायचं?

आतला भाग रात्रीही गजबजलेला असतो, वेळ तिथेच काढा. आजूबाजूच्या रस्त्यांवर रेंगाळू नका. तिकिटाच्या यंत्राशी ‘मदत’ करायला येणारे नंतर पैसे मागतात. टॅक्सी पांढरी आणि दारावर नंबर असलेलीच, तीही रांगेतून.

फलकावर तुमचं गाव शोधू नका. तिथे गाडीच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं. फ्लॉरेन्सची गाडी मिलान किंवा व्हेनिस म्हणून लागलेली असेल, तेव्हा गाडीचा नंबर जुळवा. ‘बिन’ म्हणजे फलाट, ‘रित’ म्हणजे उशीर, मिनिटांत. फलाट बऱ्याचदा सुटायच्या थोडंच आधी लागतो, आणि फलाटांकडे जायच्या फाटकावर तिकीट पाहतात, तेव्हा फोनची बॅटरी त्या वेळेपर्यंत शिल्लक हवी. 25 ते 29 हे फलाट मुख्य फलाटांच्या पुढे, एका कडेला आहेत. तिथे पोचायला बॅग ओढत सात-आठ मिनिटं लागतात.